पदवीनंतरची घामाची परीक्षा

पदवीचा शेवटचा पेपर आणि नोकरीचा पहिला दिवस, या दोहोंमध्ये मुलांना जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. पूर्वी हे दिवस मामाच्या गावी आंबे खाण्यात आणि रोज पोस्टमनची वाट पाहण्यात जायचे. आता बऱ्याच मुलांच्या हाती कॉलेजातच नोकरीचं पत्र पडतं. रुजू व्हायची तारीख जुलै-ऑगस्टमधली असते. मग घरात एक दिवस हळूच प्रश्न येतो, ‘‘बाबा, तोवर जरा फिरून येऊ?’’ फिरून म्हणजे महाबळेश्वर किंवा गोवा नव्हे. बँकॉक, पेनांग, क्वालालंपूर, सिंगापूर!

आई-बाबांचे प्रश्न ठरलेले असतात. पैसे किती लागतील? सोबत कोण आहे? राहणार कुठे? खायला काय मिळेल? हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तिथली हवा कशी आहे? विचारलाच तर उत्तर तयार असतं. ‘‘आपल्यासारखीच. गरम!’’

इथेच घोटाळा होतो. कारण गरम आणि गरम यात फरक असतो. आपल्या मुलांना मोकळे मिळतात ते नेमके मे आणि जून हे दोन महिने. त्या सुमारास आग्नेय आशियात उन्हाळा सरत असतो, पावसाळा दार ठोठावत असतो आणि हवा पाण्याने जड झालेली असते. युरोप-अमेरिकेचे बरेचसे पर्यटक या भागासाठी डिसेंबर-जानेवारी निवडतात. आपल्या नव्या पदवीधरांना ती चैन नाही. त्यांना जायचं तर घामाच्या दिवसांतच जावं लागतं. म्हणून या घामाचं शास्त्र आधी समजून घ्यायला हवं.

पंचेचाळीस अंशांची मिजास

नागपूरच्या एका स्नेह्यांची मुलगी २०२४ मध्ये इंजिनिअर झाली. बंगळुरूच्या नोकरीवर ऑगस्टमध्ये हजर व्हायचं होतं. मधल्या काळात ती आणि तिची वर्गमैत्रीण अशा दोघी मिळून चोवीस दिवसांच्या प्रवासाला निघाल्या. बँकॉकपासून रेल्वेने आणि बसने खाली खाली सरकत सिंगापूरपर्यंत जायचं, असा बेत होता. आखणी चोख होती. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरपासून आणि मलेशियाने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून भारतीय पर्यटकांना व्हिसाची अट माफ केली होती. सिंगापूरचा व्हिसा मात्र त्यांनी आधी काढून घेतला. (हे नियम बदलत असतात. तुमची मुलं निघतील तेव्हा त्या त्या देशाच्या दूतावासाची ताजी माहिती पाहूनच तिकीट काढायला सांगा.)

हवेबद्दल विचारलं तेव्हा तिचे वडील हसले. म्हणाले, ‘‘आम्ही नागपूरचे! मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. बँकॉकला चौतीस-पस्तीस असतं. पोरीला तर थंडी वाजेल!’’

हा विनोद पुष्कळांना पटेल. तो फसतो कुठे, हे समजण्यासाठी नागपूरच्याच घराघरांतली एक वस्तू पाहू. कूलर! बाहेर पंचेचाळीस अंश असताना कूलरच्या जाळीतलं ओलं गवत खोली गार करतं. हाच कूलर मुंबईत आणून लावा. खोली गार होण्याऐवजी चिकट होते. यंत्र तेच, पाणी तेच, मग असं का? कारण कूलर गारवा देतो तो पाणी वाळवून. नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी असते, ती पाणी आनंदाने पिऊन टाकते. मुंबईची हवा आधीच पाणी पिऊन टम्म झालेली असते. तिला आणखी नको असतं.

आपलं शरीर म्हणजे असाच एक कूलर आहे. घाम ही त्याची ओली जाळी. घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. तोच घाम निथळून जमिनीवर पडला तर अंगातली उष्णता अंगातच राहते. शिवाय पाणी आणि मीठ गेलं ते वेगळंच.

शास्त्रज्ञ हे मोजण्यासाठी थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळतात आणि त्यावर वारा घेतात. त्यावर जो आकडा दिसतो, तो ओल्या फडक्याचा पारा म्हणू या. घाम जास्तीत जास्त किती गारवा देऊ शकेल, ते तो आकडा सांगतो. आता हिशोब पाहा. हवा ४५ अंश आणि दमटपणा १५ टक्के असेल, तर हा पारा २४ च्या आसपास राहतो. हवा ३४ अंश आणि दमटपणा ७० टक्के असेल, तर तो २९ च्या वर जातो. म्हणजे घामाच्या दृष्टीने चौतीस अंशांचं बँकॉक पंचेचाळीस अंशांच्या नागपूरपेक्षा जास्त तापदायक!

हा ओल्या फडक्याचा पारा ३५ ला पोहोचला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली बसून फार तास तग धरू शकत नाही, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडलं गेलं होतं. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने निरोगी तरुण-तरुणींवर प्रत्यक्ष प्रयोग केले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच येते. लक्षात घ्या, हे प्रयोग म्हाताऱ्यांवर नव्हते, विशी-तिशीतल्यांवर होते.

या गोष्टी फक्त परदेशातल्या समजू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानात झाला. लोक सकाळपासून उन्हात बसून होते. पाऱ्याने चाळिशीसुद्धा ओलांडली नव्हती. तरीही उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. किनाऱ्याजवळचं ऊन, दमट हवा आणि उठून सावलीत जायची सोय नाही, एवढं पुरेसं होतं.

अयोध्येच्या नावाचं गाव

दोघी मुली बँकॉकला उतरल्या. पहिल्या दिवशी राजवाडा पाहिला. वाट फो मंदिरातली ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती पाहिली. घाम भरपूर आला, पण उत्साह त्याहून जास्त होता. दुसऱ्या दिवशी त्या अयुथ्थयाला गेल्या. बँकॉकपासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेली सयामची ही जुनी राजधानी. नाव आपल्या अयोध्येवरूनच घेतलेलं. चौदाव्या शतकाच्या मध्याला वसलेलं हे शहर १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने उद्ध्वस्त केलं. आता उरले आहेत विटांचे स्तूप, मस्तक नसलेल्या मूर्ती आणि वडाच्या कुळातल्या झाडाच्या मुळांनी कवटाळलेलं बुद्धाचं एक शांत मस्तक. युनेस्कोने १९९१ मध्ये या अवशेषांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

अवशेष पाहायला बहुतेक जण भाड्याची सायकल घेतात. या दोघींनीही घेतली. वेळ होती सकाळी साडेअकराची. नागपूरच्या सवयीप्रमाणे डोक्याभोवती आणि तोंडाभोवती दुपट्टा घट्ट बांधला. नागपूरला हा दुपट्टा खरोखरच कामाचा असतो. लू अडवतो. इथे लू नव्हती. इथे दुपट्टा घामाने भिजला, नाकातोंडाला चिकटला आणि वारा अडवू लागला. विटा तापलेल्या, सावली तुरळक. बाटलीतलं पाणी दोघी घटाघटा पीत होत्या आणि तितकंच निथळत होतं.

दीड वाजता आमच्या स्नेह्यांच्या मुलीच्या पोटऱ्यांत गोळे आले. डोकं ठणकू लागलं. मळमळ सुरू झाली. मैत्रिणीने ‘‘थांबू या’’ म्हटलं तर ती चिडली. ‘‘अजून तीन देवळं राहिलीत,’’ असं म्हणून तिने सायकल पुढे काढली. चार पावलांवर तिला सायकलसह खाली बसावं लागलं. रस्त्याच्या कडेला फळं विकणारी एक बाई उठली. भाषा कळत नव्हती, पण बाईंना सगळं कळलं. त्यांनी तिला छत्रीच्या सावलीत आडवं केलं, दुपट्टा सोडवला, बर्फाच्या पाण्यात पिळलेलं फडकं मानेवर आणि काखेत ठेवलं आणि पुठ्ठ्याने वारा घातला. थोडं बरं वाटल्यावर शहाळं पाजलं. तासाभराने मुलगी माणसात आली.

हा उष्माघात नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. ही पायरी ओळखता येणं फार महत्त्वाचं. पायात गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, विनाकारण चिडचिड ही तिची लक्षणं. इथेच थांबलं, सावली, वारा, पाणी आणि मीठ मिळालं की माणूस सावरतो. पण बोलणं असंबद्ध झालं, दिशा कळेनाशी झाली, शुद्ध हरपू लागली आणि अंग भाजायला लागलं, तर तो उष्माघात समजावा. घाम थांबायची वाट पाहू नये, कारण कष्ट करताना आलेल्या उष्माघातात अंग घामाने ओलंही असू शकतं. अशा वेळी अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि एक क्षणही न दवडता दवाखाना गाठायचा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालायचं नाही.

आणि हो, ज्याला ऊन लागतं त्याला स्वतःला ते शेवटी कळतं. म्हणून सोबत हवी. ती मैत्रीण नसती तर काय झालं असतं, हा विचार वडिलांच्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

साखर, मीठ आणि एक बंगाली डॉक्टर

त्या रात्री मुक्कामी आल्यावर दोघींनी पिशवीच्या तळाशी पडलेल्या जलसंजीवनीच्या पुड्या शोधून काढल्या. आईने निघताना बळेच कोंबल्या होत्या. जुलाबावरचं औषध म्हणून आपण त्या ओळखतो. पण घामाने गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायलाही त्या उपयोगी पडतात.

या पुडीचा आणि दमट आशियाचा जुना संबंध आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे पाजायला सुरुवात केली आणि असंख्य जीव वाचले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. पुडी नसेल तर घरगुती कृती सोपी आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. त्याहून मीठ जास्त नको. नुसतं पाणी लिटरच्या लिटर पीत राहणंही बरं नाही. त्याने रक्तातलं मीठ फारच पातळ होतं आणि तेही धोक्याचं असतं.

जिथला घाम तिथलं घड्याळ

अयुथ्थयाच्या दुपारने मुलींचा बेत बदलला. गंमत अशी की, काय बदलायचं ते शिकायला त्यांना दूर जावं लागलं नाही. आजूबाजूला पाहिलं की कळत होतं. पहाटे साडेपाचला भिक्षू अनवाणी भिक्षेला निघतात, तेव्हाच गल्ल्या जाग्या होतात. दुपारी रस्त्यावर दिसतात ते बहुतेक पर्यटक! दुकानदार पंख्याखाली डोळे मिटून बसलेले असतात. संध्याकाळी साडेपाचनंतर शहर पुन्हा उठतं आणि रात्रीचे बाजार फुलतात. रात्रीच्या बाजाराला आपण करमणूक समजतो. ज्या हवेत दुपारी खरेदी करवत नाही, त्या हवेची ती गरज आहे.

थाई भाषेत मोसमाला ‘रुदू’ म्हणतात. हा आपलाच ‘ऋतू’. त्यांच्या उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर, १३ ते १५ एप्रिलला त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. त्याचं नाव सोंगक्रान, म्हणजे आपली संक्रांत. त्या दिवसांत लोक वडीलधाऱ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात आणि रस्त्यांवर एकमेकांना भिजवतात. २०२३ मध्ये युनेस्कोने या सणाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. भर उन्हाळ्यात पाण्याचा सण! त्यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको.

मुलींनी नवं वेळापत्रक केलं. पहाटे साडेपाचला उठायचं. दहा वाजेपर्यंत पाहायचं ते पाहून घ्यायचं. अकरा ते चार छपराखाली. कधी वस्तुसंग्रहालय, कधी रेल्वेचा डबा, कधी चक्क झोप. पाचनंतर पुन्हा बाहेर. पाहायच्या जागांची यादी निम्म्यावर आली. नागपूरच्या मुलीला आधी हे लाजिरवाणं वाटलं. चोवीस दिवसांसाठी एवढे पैसे खर्चून आलो आणि दुपारी झोपायचं? पण दोन-तीन दिवसांत तिच्या लक्षात आलं की पहाटेच्या तीन तासांत जे दिसतं, ते दुपारच्या पाच तासांत दिसत नव्हतं. दुपारी फक्त पुढची सावली दिसायची!

आणखी एक गोष्ट. दमट उन्हाळ्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात शरीर लवकर आणि जास्त घाम गाळायला शिकतं आणि घामातून जाणारं मीठ कमी करतं. म्हणून पहिले चार-पाच दिवस हातचं राखूनच फिरावं. वर्षभर वातानुकूलित खोलीत राहिलेल्या मुंबईकराने तर ‘मला सवय आहे’ हे वाक्य तोंडातून काढूच नये.

पाच फुटांची ओसरी

बँकॉकहून दुपारी सुटणारी गाडी रात्रभर धावून सकाळी मलेशियाच्या सीमेवर पडांग बेसारला पोहोचते. दोन्ही देशांचे शिक्के एकाच स्थानकात मिळतात. घड्याळ तासभर पुढे करायचं, गाडी बदलायची आणि पुढे बटरवर्थहून बोटीने पेनांग बेटावर. तिथलं जॉर्ज टाउन हे जुनं शहर २००८ मध्ये मलाक्कासोबत जागतिक वारशाच्या यादीत आलं.

इथे दुमजली दुकानांच्या रांगा आहेत. खाली दुकान, वर घर. प्रत्येक दुकानापुढे वरच्या मजल्याने झाकलेली एक पडवी. एका दुकानाची पडवी पुढच्या दुकानाच्या पडवीला जोडलेली. ऊन असो की पाऊस, अख्खा रस्ता सावलीतून चालता येतो. मलय भाषेत हिला ‘काकी लिमा’ म्हणतात, म्हणजे पाच फूट. १८२२ मध्ये सिंगापूरची नगररचना ठरवताना स्टॅमफर्ड रॅफल्सने प्रत्येक घरापुढे अशी झाकलेली वाट सोडलीच पाहिजे, असा नियम केला. पुढे तो आजूबाजूच्या शहरांतही पसरला. आपल्या कोकणातल्या घराची पडवी घराच्या माणसांसाठी. ही मात्र रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसासाठी ठेवलेली!

मलय खेड्यातलं जुनं घरही पाहण्यासारखं असतं. लाकडी खांबांवर उचललेलं, खालून वारा खेळणारं, वर उतरतं उंच छप्पर. पुराचं पाणी खालून जातं, वाराही खालूनच येतो. विजेच्या एका दिव्याशिवाय त्या माणसांनी हवा ओळखून घर बांधलं होतं.

पेनांगमध्ये ८०० मीटरहून उंच अशी एक टेकडी आहे. १९२३ सालापासून तिच्यावर दोराने ओढली जाणारी रेल्वे चालते. साहेबाने माथेरान वसवलं त्याच कारणासाठी ही टेकडीही वसवली. वर गेलं की काही अंशांनी उतार पडतो. दोघी भर दुपारी वर गेल्या, संध्याकाळी खाली उतरल्या.

खाण्याचे हाल झाले का? आई-बाबांचा हा प्रश्न! मलेशिया आणि सिंगापूरमध्ये तमिळ खाणावळी पावलोपावली आहेत, केळीच्या पानावर भात-सांबार मिळतं. थायलंडमध्ये मात्र भाजीतसुद्धा माशाचा अर्क असतो. पूर्ण शाकाहारी माणसाने ‘जे’ हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. शाकाहारी चिनी परंपरेचं जेवण तिथे मिळतं, कांदा-लसूणही नसतो.

फळांची तर चैन. जूनच्या सुमारास तिथे ड्युरियनचा हंगाम सुरू होतो. वासामुळे कित्येक हॉटेलांत आणि गाड्यांत त्याला बंदी असते. ड्युरियन उष्ण, म्हणून त्यावर मँगोस्टीन खावं, ते थंड, असं तिथले लोक सांगतात. आपल्या आजीचीच भाषा! आणि हे मँगोस्टीन म्हणजे कोण? आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड. तिकडे मँगोस्टीन आणि इकडे कोकम सरबत, दमट किनाऱ्यावरच्या माणसांनी आपापल्या परीने एकच घराणं जवळ केलं.

गार हवेची किंमत

क्वालालंपूरला दुपारी तीन-चारच्या सुमारास आभाळ भरून येतं आणि गडगडाटासह पाऊस कोसळतो. तासाभरात पुन्हा ऊन. पावसानंतर गारवा येईल ही आपली समजूत तिथे चालत नाही, कारण ओल्या रस्त्यांतून वाफ उठते. बाटू गुहांच्या २७२ पायऱ्या चढायच्या तर सकाळी सातला. पायथ्याची मुरुगनची ४२ मीटरहून उंच सोनेरी मूर्तीही त्या वेळी कोवळ्या उन्हात खुलून दिसते.

या देशांत उलटा त्रासही होतो. बाहेर घामाच्या धारा आणि बसमध्ये शिरलं की दात वाजतात! लांब पल्ल्याच्या बसमध्ये एअरकंडिशनर इतका जोरात असतो की भिजलेल्या अंगाने बसलं तर ताप यायचाच असं वाटतं. पिशवीत वरच एक कोरडा सदरा आणि शाल हवी. तो नागपूरचा दुपट्टा शेवटी इथे कामाला आला.

एअरकंडिशनर शोधला गेला तोही दमटपणावर उपाय म्हणूनच. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढणारं यंत्र बनवलं. तेव्हा त्याला पदवी मिळून एकच वर्ष झालं होतं! या यंत्राचं खरं भाग्य उजळलं ते विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर असलेल्या सिंगापुरात. ली क्वान यू यांनी पंतप्रधान झाल्यावर सुरुवातीलाच सरकारी कचेऱ्यांत एअरकंडिशनर बसवले. १९९९ मध्ये सहस्रकातला सर्वांत मोठा शोध कोणता असं त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी याच यंत्राचं नाव घेतलं.

सिंगापूरच्या झगमगत्या इमारतींतून दोघी बाहेर आल्या की समोर बांधकामावरचे मजूर दिसायचे. त्यांत तमिळनाडूतले आणि बांगलादेशातले पुष्कळ. आतल्या गारव्याची गरम हवा बाहेर त्यांच्या अंगावर. प्रवाशाला दुपारी झोपता येतं, मजुराला कोण झोपू देणार? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारने यावर नियम केला. ऊन, वारा आणि दमटपणा मिळून काढलेला एक निर्देशांक असतो. तो ३२ ला पोहोचला की अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला दर तासाला किमान दहा मिनिटं विश्रांती द्यायची. ३३ ला पोहोचला की पंधरा मिनिटं. यात कुणी कुणावर उपकार करत नाही, हा नियमच आहे. २०२३ च्याच मे महिन्यात सिंगापूरचा पारा ३७ अंशांवर गेला होता. तेवढा तो याआधी १९८३ मध्ये एकदाच गेला होता. आपल्याकडे नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या माणसाला अशी हक्काची दहा मिनिटं कधी मिळतील, हा प्रश्न त्या मुलीने वडिलांना फोनवर विचारला. प्रवासाला पाठवलेली मुलगी असे प्रश्न घेऊन परत येत असेल, तर खर्च वसूल झाला म्हणायचा.

पिशवी भरताना

ज्यांच्या घरी असा प्रवास ठरतो आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कपडे सैल, पातळ आणि फिक्या रंगाचे. ओले कपडे तसेच अंगावर ठेवले तर घामोळं आणि गजकर्ण हमखास ठरलेलं, म्हणून दिवसातून दोनदा अंघोळ करायची आणि मांड्या-काखा कोरड्या ठेवायच्या. अंधारात वाळणाऱ्या जाड जीन्सला रामराम. छत्री घ्या. ती उन्हालाही चालते, पावसालाही आणि दुपट्ट्यासारखी वारा अडवत नाही.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. म्हणजे आपण ज्या वेळी बाहेर पडायचं ठरवलं, नेमका तेव्हा! म्हणून पूर्ण बाह्या आणि अंगाला लावायचं डासांचं मलम हवंच. ताप आला तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत फक्त पॅरासिटामोल. अॅस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन नको, डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

समुद्रावर जायचं असेल तर किनारा बघून निवडा. मे ते ऑक्टोबरमध्ये थायलंडच्या फुकेतच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, नैऋत्य मोसमी पाऊस असतो. त्याच दिवसांत मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची बेटं खुली असतात. तिथला जोराचा पाऊस वर्षाच्या शेवटी येतो.

नागपूरची ती मुलगी ठरल्याप्रमाणे बंगळुरूला रुजू झाली. तिने चोवीस दिवसांत पाहिलेल्या देवळांची संख्या तिच्या पहिल्या यादीच्या निम्मी भरली आणि त्याचं तिला दुःख नाही. आपण मुलांना लहानपणापासून एकच शिकवतो, दम धर, चालत राहा, थांबू नकोस. परीक्षेत ते चालतं. दमट उन्हात शरीर हे ऐकत नाही. तिथे वेळेवर थांबणं हेच शहाणपण आणि ते कमी वयात शिकलेलं बरं.

तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी अशा प्रवासाची परवानगी मागायला आली, तर नाही म्हणू नका. हे दोन-अडीच महिने पुन्हा येत नाहीत. पिशवीत जलसंजीवनीच्या दहा पुड्या टाका, सोबत कोण आहे ते विचारा आणि रोजच्या फोनवर ‘जेवलीस का?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारत जा. ‘आज दुपारी अकरा ते चार कुठे होतीस?’ उत्तर ‘झोपले होते’ असं आलं, तर खुशाल निश्चिंत व्हा.